दुर्मिळ इंग्रजी आडनावाचा माग कसा काढावा? मोल्सवर्थ आडनावाच्या निमित्ताने

जुना मराठी शब्द अडला की ‘मोल्सवर्थमध्ये बघ’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातले अधिकारी. थॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधू आणि अनेक शास्त्री यांच्या साथीने त्यांनी मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली आली, दुसरी १८५७ साली. मराठीत मोल्सवर्थ म्हणजे कोश. इंग्लंडात मात्र ते एक विरळ आडनाव आहे, आणि अशा आडनावाचा इतिहास कसा शोधायचा हे शिकायला त्याच्यासारखे दुसरे उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

विरळ आडनाव हाती घेण्याचा मोठा फायदा असा, की त्याच्या जवळपास सगळ्या नोंदी एका माणसाला गोळा करता येतात. स्मिथ किंवा जोन्स घेतले तर जन्म जाईल आणि हाती काही लागणार नाही. मोल्सवर्थसारख्या नावाच्या बाबतीत एका जनगणनेतली सगळी कुटुंबे एका तक्त्यात मावतात. इंटरनेट आणि थोडा धीर एवढ्यावर पुण्यात किंवा कोल्हापुरात बसून यातले बरेचसे काम होते.

आधी आडनावाची जात ओळखा

इंग्रजी आडनावे ढोबळमानाने चार प्रकारची असतात: धंद्यावरून, बापाच्या नावावरून, टोपणनावावरून आणि गावावरून. विरळ आडनावांत गावावरून पडलेली पुष्कळ. ‘वर्थ’, ‘टन’, ‘हॅम’, ‘बी’, ‘थ्वेट’ असा शेवट दिसला की आधी गाव शोधावे. मोल्सवर्थ नावाचे खेडे हंटिंगडनशायरच्या पश्चिम कडेला आहे. हा परगणा १९७४ पासून केंब्रिजशायरमध्ये मोडतो. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमिनींच्या मोजदादीत, हे गाव ‘मोल्सवर्द’ असे नोंदलेले आहे. मूल नावाच्या कुणा माणसाचे कुंपण घातलेले आवार, असा त्याचा अर्थ नामशास्त्राचे अभ्यासक देतात.

इथे आपल्या ‘कर’वाल्या आडनावांचा अनुभव उपयोगी पडतो. पुण्यातच राहणाऱ्याला कुणी पुणेकर म्हणून वेगळा ओळखत नाही, तो गाव सोडून बाहेर गेला की मग ती ओळख चिकटते. इंग्लंडातही हेच झाले. त्यामुळे गावाच्या नावाचे आडनाव त्या गावातच भेटेल असे धरू नये. आधी आजूबाजूच्या दहा-वीस मैलांत पाहावे. एडवर्ड पहिल्याच्या काळात वॉल्टर डी मोल्सवर्थ नावाचा माणूस बेडफर्डशायर आणि बकिंगहॅमशायरचा शेरीफ, म्हणजे राजाचा परगण्यातला अधिकारी, होता. बेडफर्डशायर हंटिंगडनशायरला लागूनच आहे. नावातला ‘डी’ म्हणजे ‘चा’, म्हणजे तेव्हा हे अजून पुरते आडनाव झालेले नसावे. इंग्लंडात वंशपरंपरेने चालणारी आडनावे बहुतेक बाराव्या ते चौदाव्या शतकांत रुळली, दक्षिणेत आधी आणि उत्तरेत मागाहून.

अशाच नावाचे दुसरे गाव आहे का, हेही याच टप्प्यावर तपासून घ्यावे. चेशायरमध्ये मोल्डस्वर्थ नावाचे गाव आहे. उच्चारात दोन्ही नावे इतकी जवळ आहेत की लेखनिकाच्या हातून एकाचे दुसरे व्हायला वेळ लागत नाही. म्हणजे एकाच आडनावाची दोन वेगळी उगमस्थाने असू शकतात. ही शक्यता शेवटपर्यंत डोक्यात ठेवा.

लेखनभेदांची यादी करा

जुन्या नोंदी चर्चच्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेल्या. शोध सुरू करण्याआधीच वहीच्या पहिल्या पानावर संभाव्य रूपे मांडून ठेवावीत: मोल्सवर्थ, मोलेसवर्थ, मूल्सवर्थ, मोल्डस्वर्थ, आणि शेवटच्या ‘थ’चा ‘ट’ झालेले मोल्सवर्ट. शोधपेटीत पूर्ण नाव टाकण्याऐवजी पहिली तीन अक्षरे आणि पुढे तारांकन द्यावे. बहुतेक संकेतस्थळे ते स्वीकारतात. हस्ताक्षर वाचणाऱ्यांकडून रोमन ‘एम’चा ‘डब्ल्यू’ किंवा ‘एन’ होतो. कुटुंब अचानक गायब झाले असे वाटले तर त्या अक्षरांखालीही एकदा शोधावे.

१८८१ चा नकाशा तयार करा

ब्रिटनमध्ये दर दहा वर्षांनी जनगणना १८०१ पासून होते, पण घरातल्या प्रत्येकाचे नाव १८४१ पासून देशभर नोंदले गेले. आडनावांचे अभ्यासक बहुधा ३ एप्रिल १८८१ ची जनगणना पायाभूत धरतात. तिची संपूर्ण सूची स्वयंसेवकांनी केलेली आहे आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खाते उघडून ती फुकट पाहता येते.

आपल्या आडनावाचा प्रत्येक माणूस एका ओळीत घ्या. रकाने पाच पुरेत: नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण, जन्माचे ठिकाण. मग परगण्यानुसार मोजा आणि नकाशावर माणसागणिक एक ठिपका द्या. इथे नवशिक्यांची हमखास गल्लत होते, कारण ते नुसते आकडे पाहतात. समजा लँकेशायरमध्ये चाळीस माणसे सापडली आणि हंटिंगडनशायरमध्ये सहा. घाईत कुणीही म्हणेल, आडनाव लँकेशायरचे. पण १८८१ मध्ये लँकेशायरची वस्ती सुमारे साडेचौतीस लाख होती आणि हंटिंगडनशायरची जेमतेम साठ हजार. लाखामागे किती, असे काढले तर लँकेशायरला एकाहून थोडे जास्त येतात आणि हंटिंगडनशायरला दहा. चित्र पालटते. चाळीस आणि सहा हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण प्रत्येक खऱ्या आकड्याला हीच कसोटी लावा. गिरण्यांच्या शहरांनी सगळ्या इंग्लंडातून माणसे ओढून घेतली, तिथे प्रत्येक आडनावाचे चार ठिपके सापडणारच.

ठिपक्यामागचा माणूस कुठे जन्मला ते विचारा

या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी पायरी हीच. जन्मठिकाणाच्या रकान्यानुसार दुसरा नकाशा काढा आणि तो पहिल्याशेजारी ठेवा.

याचे जिवंत उदाहरण रॉचडेलचे आहे. लँकेशायरमधल्या या गिरणगावात जॉन एडवर्ड नॅसो मोल्सवर्थ हे १८३९ पासून १८७७ मध्ये मरेपर्यंत मुख्य धर्मगुरू होते. पुढे रॉचडेलला त्यांच्या आडनावाचा रस्ताही झाला. नकाशावर पाहणाऱ्याला वाटेल, मोल्सवर्थ हे या भागातले जुने घराणे. पण हे गृहस्थ जन्मले लंडनमध्ये, आयर्लंडमधल्या व्हायकाउंट हा सरदारी किताब असलेल्या घराण्याच्या एका शाखेत, आणि रॉचडेलला आले ते चर्चच्या नेमणुकीने. धर्मगुरू, सैनिक, अबकारी अधिकारी आणि नोकरचाकर यांचे ठिपके नेहमी वेगळ्या रंगात दाखवावेत. ते नोकरीमुळे तिथे असतात. शेतकरी, खेड्यातले सुतार, लोहार यांच्या ठिपक्यांना जास्त वजन द्यावे, कारण ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या फारशी हलत नसत.

मग १८७१, १८६१, १८५१ असे मागे जा. १८५१ पासून जन्माची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, लिहिलेली मिळते. १८४१ मध्ये मात्र ‘याच परगण्यात जन्म का’ याचे नुसते हो किंवा नाही एवढेच आहे आणि पंधरा वर्षांवरच्यांचे वय सहसा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेले असते. ते वय खरे धरून जन्मसाल काढू नका.

जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर तिची सूची फुकट मिळते. सरकारी नोंदणी कार्यालयाच्या स्वतःच्या सूचीत आईचे माहेरचे आडनावही दिलेले असते, आणि एकाच नावाच्या दोन कुटुंबांतली मुले वेगळी काढायला तेवढे पुरते. नोंदणी जिल्हे मात्र परगण्यांच्या सीमा पाळत नाहीत. हंटिंगडनशायरच्या पश्चिमेकडची काही गावे नॉर्थॅम्पटनशायरमधल्या थ्रॅपस्टन जिल्ह्याखाली येत. परगण्याच्या नावावर विसंबून शोधणारा तिथे रिकाम्या हाताने परततो.

१८३७ च्या मागे

यापुढे भिस्त चर्चच्या दप्तरावर. १५३८ साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. सगळ्या वह्या टिकल्या नाहीत, पण १५९८ पासून बिशपकडे दरसाल नक्कल जाऊ लागली, त्यामुळे मूळ वही गेली असेल तर नक्कल शोधावी. यादवी युद्धाच्या आणि त्यानंतरच्या वर्षांत, साधारण १६४२ ते १६६० या काळात, नोंदी तुटक आहेत. १७५२ आधी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी ते मार्चमधली जुनी तारीख लिहिताना दोन्ही साले लिहावीत, उदाहरणार्थ १६८८/८९.

मृत्युपत्रे मला या सगळ्यांत जास्त बोलकी वाटतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक ओळ असते. मृत्युपत्रात भाऊ, जावई, लांबच्या परगण्यातली जमीन आणि जन्मगावच्या गरिबांसाठी ठेवलेले चार पैसेही सापडतात. ज्या गावी माणूस राहत नव्हता तिथल्या गरिबांना तो पैसे ठेवतो, तेव्हा त्याचे मूळ बहुधा तिथलेच असते. कँटरबरीच्या धर्मन्यायालयातली १३८४ ते १८५८ ची मृत्युपत्रे लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत.

त्याच्याही मागे जायचे तर कराच्या याद्या: १६६२ ते १६८९ चा चुलीवरचा कर, १३२७ आणि १३३२ चे सरकारी सारे, १३७७ ते १३८१ चा डोईपट्टीचा कर. यात सलग वंशावळ लागत नाही. आडनाव त्या काळी कोणत्या टापूत होते एवढे मात्र कळते, आणि आपल्याला तेच हवे आहे.

नाव कसे पसरले

मोल्सवर्थांचा प्रवास या दृष्टीने वाचनीय आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ सरकारी हिशेब तपासायच्या कामावर कॉर्नवॉलला गेला आणि तिथेच स्थायिक झाला. त्याने हेंडर घराण्यातल्या मुलीशी लग्न केले. पुढे त्याच घरातला हेंडर मोल्सवर्थ जमैकाचा गव्हर्नर झाला आणि १६८९ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. आईकडचे आडनाव मुलाला पहिले नाव म्हणून देण्याची ही इंग्रजी रीत आहे. विचित्र पहिले नाव दिसले की ते कुणाचे आडनाव होते का, हे जरूर पाहा. बॉडमिनजवळचे पेनकॅरो हे या शाखेचे घर.

दुसरी शाखा नॉर्थॅम्पटनशायरमधल्या फॉदरिंगे गावची, म्हणजे मूळ खेड्यापासून फार लांबची नाही. तिच्यातला रॉबर्ट मोल्सवर्थ ऑलिव्हर क्रॉमवेलच्या काळात डब्लिनमध्ये व्यापारी म्हणून गबर झाला. त्याचा मुलगा १७१६ मध्ये व्हायकाउंट झाला आणि डब्लिनच्या मध्यवस्तीत आजही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. आयर्लंडात शोध घेताना ध्यानात ठेवा, की १९२२ च्या आगीत तिथले बरेच दप्तर जळाले. १९०१ आणि १९११ च्या जनगणना मात्र पूर्ण आहेत आणि फुकट पाहता येतात.

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनलाही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. तो कॉर्नवॉल शाखेतल्या सर विल्यम मोल्सवर्थ या राजकारण्याच्या नावाने. इंग्लंडात गावाचे नाव माणसाला मिळाले, वसाहतींत माणसाचे नाव गावाला आणि रस्त्याला मिळाले. म्हणून वसाहतींतल्या स्थळनावांवरून आडनावाचा उगम किंवा वस्ती ठरवू नये.

हिंदुस्थानातल्या नोंदी

कंपनी सरकारच्या काळात इकडे आलेल्या इंग्रजांचा शोध घ्यायचा तर ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दप्तर गाठावे. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींत ‘एन/३’ ही मालिका मुंबई इलाख्याची आहे. सैन्यात भरती होणाऱ्या कॅडेटांचे अर्ज ‘एल/एमआयएल/९’ या मालिकेत आहेत आणि त्यांना बहुधा बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो. त्या एका कागदावर माणसाची इंग्लंडातली पॅरिश मिळते आणि इथला धागा तिथल्या नकाशाला जोडता येतो. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा इतिहास शोधणाऱ्या फिबिस या संस्थेच्या संकेतस्थळावर अशा नोंदींची सूची फुकट शोधता येते. पुणे, अहमदनगर, दापोली, मुंबई इथल्या जुन्या इंग्रजी दफनभूमींतले शिलालेख वाचून त्यांची छायाचित्रे घेण्याचे काम तर इथला माणूसच करू शकतो. पावसाने ते झपाट्याने झिजत आहेत.

डीएनए आणि ढाली-चिन्हे

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, इंग्रजी आडनावही तसेच. लेस्टर विद्यापीठाच्या २००९ सालच्या अभ्यासात चाळीस आडनावे तपासली गेली. आडनाव जितके विरळ तितके त्या नावाच्या पुरुषांचे वाय गुणसूत्र एकमेकांशी जास्त जुळते, असे त्यातून दिसले. नॉटिंगहॅमशायरमधल्या गावावरून आलेल्या ॲटनबरो आडनावाचे बहुसंख्य पुरुष एकाच मूळपुरुषाचे ठरले, तर स्मिथांमध्ये परक्या माणसांइतकाच फरक होता. मोल्सवर्थ आणि मोल्डस्वर्थ एक की दोन, असल्या प्रश्नाला ही चाचणी नेमकी उपयोगी पडते. पण आधी कागदोपत्री शाखा लावून घ्या, नाहीतर जुळले काय आणि न जुळले काय, अर्थ लावता येत नाही.

‘तुमच्या आडनावाची ढाल’ म्हणून विकली जाणारी, ढालीवरच्या मानचिन्हाची चित्रे मात्र विकत घेऊ नका. इंग्लंडात ढालचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला मिळत नाही.

जमवलेले काम आपल्या संगणकातच पडून राहू देऊ नका. एका आडनावाचा जगभर शोध घेणाऱ्यांची गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज ही संस्था १९७९ पासून चालू आहे. आपले आडनाव आधीच कुणी घेतले आहे का ते तिच्या यादीत पाहावे. घेतले असेल तर मुंबई इलाख्यातल्या नोंदी आणि दफनभूमीतली छायाचित्रे त्यांना पाठवावीत, कारण लंडनला बसलेल्या अभ्यासकाकडे नेमके तेच नसते.