वारं सुटल्यावर लांडग्यापासून शेरडं-मेंढरं कशी राखायची

वाऱ्याच्या रात्री लांडगा येतो हे आमच्या पाटोद्याकडच्या माळावर लहान लेकराला पण माहिती असतं, पण तो कोणत्या अंगानं येतो याचा विचार कोणी करत नाही आणि शेरडं जातात ती तिथंच. म्हणून सविस्तर लिहायलोय.

साधी गोष्ट आहे बघा. जोराचं वारं सुटलं की लांडग्याच्या कानाला पण नीट कळत नाही, मग तो नाकावर चालतो, म्हणजे वाऱ्याकडं तोंड करून कळपाचा वास घेत घेत येतो. वारं मावळतीकडून असलं तर जनावर उगवतीच्या बाजूनं येणार. आता त्या बाजूनं येणाऱ्या जनावराचा वास तुमच्या कुत्र्याला येत नाही कारण वारं उलटं वाहायलंय, आवाज पण तुमच्यापर्यंत येत नाही. नाक गेलं, कान गेले, राहिले फक्त डोळे. म्हणून राखण करणाऱ्यानं त्याच बाजूला, वारं जिकडं जातंय तिकडं बाज टाकायची, याला मी वाऱ्याखालची बाजू म्हणतो. तिथं झोपलं की अजून एक फायदा, कळपातल्या घंट्यांचा आवाज वाऱ्याबरोबर तुमच्याकडंच येतो, शेरडं दचकून उठली की लगेच कळतं. कुत्रं मात्र दुसऱ्या अंगाला, वारं येतं तिकडं बांधा किंवा मोकळं ठेवा, तिकडचा वास त्याला लांबून लागतो.

हे मला फुकट कळलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं, तोंडात नुसती माती, म्हणून मी वाऱ्याच्या आडोशाला झाडाखाली झोपलो आणि वाघर, म्हणजे कळपाभोवती खुंट्यांवर उभी करायची जाळी, लावली होती ओढ्याच्या काठाला, मागं घाणेरीची आणि बोरीची झुडपं. झुंजूमुंजू झाल्यावर उठून बघतो तर वाघरीची एक खुंटी उपटलेली, दोन करडं नाहीत आणि गाभण शेळी गळ्याला दात लागून पडलेली. पंधरा पावलांवर मी होतो तरी एक आवाज ऐकला नाही. तिच्या गळ्यातली घंटी अजून माझ्याकडं आहे.

तर जागा निवडताना पहिलं दिशा बघा, चिमूटभर माती नाहीतर चुलीतली राख हातातून सोडा, दोन मिनिटं थांबून परत सोडा कारण वावटळीच्या दिवसात वारं फिरतं. पावसाळ्यात आपल्याकडं वारं जास्त करून मावळतीचं असतं, हिवाळ्यात उगवतीकडून, वळवाच्या दिवसात काही भरवसा नाही. वाऱ्याला आडोसा म्हणून सगळे बांधाच्या नाहीतर ओढ्याच्या कडेला वाघर लावतात, पण लांडग्याला लपायला तीच जागा सगळ्यात सोयीची. आडोसा पाहिजेच असला तर दगडी भिंतीचा घ्या आणि वाऱ्याखालच्या बाजूला निदान तीस पावलं मोकळं रान ठेवा, झुडूप नको, कडब्याची गंज नको. लहान करडं-कोकरं मधोमध डाल्याखाली ठेवा, कडेला कधीच नाही.

बॅटरी कमरेजवळ धरून मारा, धुरळा असला आणि डोळ्यासमोर धरली की उजेड धुरळ्यावरून आपल्याच डोळ्यात येतो, काही दिसत नाही. धुरळा बसला की मग डोळ्याजवळ धरा, जनावराचे डोळे चमकतात ते तेव्हाच दिसतात. आपली उस्मानाबादी शेळी काळीभोर, अंधारात मोजता येत नाही, म्हणून मी प्रत्येकीच्या गळ्यातल्या पट्ट्याला रेडियमची पट्टी चिकटवलीय, एका नजरेत मोजून होतात. शेकोटी मात्र वाऱ्यात नको, एक ठिणगी कडब्यात गेली की लांडग्यापेक्षा मोठं नुकसान.

चिंध्यांची दोरी करून बघाच. पोलंड, रशियाकडं पूर्वी लांडग्याची शिकार करायला लाल चिंध्या बांधलेली दोरी लावायचे, लांडगा हलती चिंधी ओलांडायला भितो, आता तीच दोरी जगात बऱ्याच ठिकाणी कळप वाचवायला वापरतात. जुन्या साडीच्या पट्ट्या दीड-दीड फुटावर बांधा, दोरी गुडघ्याच्या जरा वर आणि पट्टीचं टोक जमिनीपासून वीतभर. वाऱ्यात ती चांगली फडफडते पण पट्ट्या दोरीला गुंडाळतात, झोपायच्या आधी आणि मध्यरात्री एकदा हातानं मोकळ्या करा. काही आठवड्यात लांडग्याला सवय होते, म्हणून रोज लावू नका, वाऱ्याच्या रात्रीच लावा. बिबट्या असला तर याचा काही उपयोग नाही, वाघरीचा पण नाही, त्याला वरून जाळी असलेला बंद गोठाच पाहिजे.

दिवसा चारायला नेलं तर अजून एक, जोराच्या वाऱ्यात मेंढरं वारं पाठीवर घेऊन सरकत जातात आणि मागं पडलेली लंगडी मेंढी एकटी राहते. गडी दोन असले तर एक पुढं, एक मागं.

आणि विष, फास, तारेत करंट असलं काही करू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा आणि बिबट्या दोन्ही अनुसूची 1 मध्ये आहेत, करंटनं तर शेजारचं लेकरू पण जाईल. शिवाय लांडगा आपल्या माळावर आपल्या आधीपासून आहे, तो असाच राहावा असं मला मनापासून वाटतं.

शेळी गेलीच तर हलवू नका, पंचनामा झाल्याशिवाय नुकसानभरपाई मिळत नाही. वन विभागाचा 1926 नंबर लावा, वनरक्षकाला सांगा, 48 तासाच्या आत कळवलं पाहिजे. वाऱ्यानं पायाचे ठसे तासाभरात पुसून जातात म्हणून पहिलं काम, दिसतील त्या ठशांवर घमेली, पाट्या पालथ्या घाला, वर दगड ठेवा, आणि झाकायच्या आधी ठशाशेजारी काडेपेटी ठेवून मोबाईलवर फोटो काढा.