चार्टवर हात कसा बसवावा: विप्रोच्या चार्टवरचा सराव

दुकान आवरून किंवा शेतातून आल्यावर शेअरचे चार्ट बघायला बसणाऱ्या माणसाकडे फार तर तासभर असतो. त्यातला निम्मा वेळ मेनू शोधण्यात आणि चार्ट मागेपुढे ओढण्यात जातो. जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी जणांच्या शेजारी बसून मी हे पाहिलंय. एक प्रश्न तर दर वेळी येतोच: "दादा, चार्ट कथा गया?" म्हणजे, चार्ट गेला कुठे? ओढता ओढता कॅन्डल, म्हणजे ठरावीक वेळातला भावाचा चढउतार दाखवणारे उभे ठोकळे, पडद्याबाहेर जातात, आणि मग माणूस पान बंद करून पुन्हा उघडतो.

त्याची काही गरज नाही. ऑल्ट दाबून धरा आणि आर दाबा, चार्ट जागेवर येतो. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या.

खाली सांगतोय ते ट्रेडिंगव्ह्यू या चार्ट दाखवणाऱ्या वेबसाइटबद्दल, लॅपटॉपवरचं. बऱ्याच ब्रोकरांच्या वेबसाइटवर आतला चार्ट ट्रेडिंगव्ह्यूचाच असतो, त्यामुळे यातलं बरंचसं तिथेही चालतं.

सरावाला विप्रो घेऊ. ही कंपनी १९४५ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरातच सुरू झाली, वनस्पती तूप आणि तेल बनवणारी म्हणून. तिथल्या अनेक घरांत आजही हे शेअर आहेत. ओळखीचा शेअर असला की डोळा लवकर तयार होतो.

आधी चार्टच्या मोकळ्या जागेवर एकदा क्लिक करा. कीबोर्ड मराठीवर असेल तर इंग्रजीवर आणा. "टाइप केलं तर काहीच होत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. आता कुठलीही खिडकी न उघडता सरळ विप्रोची अक्षरं टाइप करायला लागा. शोधाची चौकट आपोआप उघडते. यादीत एनएसई आणि बीएसई या दोन शेअर बाजारांच्या दोन ओळी दिसतील. मी एनएसईची घेतो, कारण उलाढाल तिथे जास्त असते आणि व्हॉल्यूमवरून, म्हणजे किती शेअरचे सौदे झाले त्यावरून, काही ठरवायचं तर जिथे जास्त सौदे होतात तिथलंच बघावं. सगळ्याच कंपन्यांची अक्षरं इतकी सरळ नसतात. आपल्या जळगावच्या जैन इरिगेशनचं चिन्ह जे, आय, एस, एल अशा अक्षरांनी सुरू होतं. नावाने शोधून एकदा वॉचलिस्टमध्ये, म्हणजे नजर ठेवायच्या शेअरच्या यादीत, टाकलं की पुन्हा आठवावं लागत नाही.

आता काळ बदलायचा, म्हणजे एका कॅन्डलमध्ये किती वेळ धरायचा ते. त्यासाठीही वरच्या पट्टीकडे जाऊ नका. चार्टवर असताना १५ टाइप करून एंटर दाबा, पंधरा मिनिटांचा चार्ट येतो. एक आणि डब्ल्यू म्हणजे आठवडा, एक आणि डी म्हणजे दिवस.

क्रम मात्र मोठ्याकडून लहानाकडे ठेवा. आधी आठवडा, मग दिवस, मग मिनिटं. पाच मिनिटांच्या चार्टवर जी जोरदार तेजी वाटते, ती आठवड्याच्या चार्टवर कित्येकदा एका कॅन्डलचा छोटासा तुकडा असते. उलट्या क्रमाने गेलं की आधी मत बनतं आणि मग मोठ्या चार्टवर आपण त्याच्या बाजूचंच तेवढं शोधतो. नवख्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान या सवयीने होतं, असं माझं ठाम मत आहे.

मिनिटांचा काळ निवडताना आपल्या बाजाराचं घड्याळ लक्षात घ्या. एनएसईत नेहमीचे सौदे सव्वानऊला सुरू होतात आणि साडेतीनला थांबतात, म्हणजे ३७५ मिनिटं. तासाचा चार्ट लावला तर सहा कॅन्डल पूर्ण होतात आणि सातवी फक्त १५ मिनिटांची उरते. ती आखूड कॅन्डल बघून "बाजार थंड पडला" असं समजणारे लोक मला भेटलेत. ७५ मिनिटांचा चार्ट लावा, दिवसाच्या बरोबर पाच समान कॅन्डल होतात. १२५ मिनिटांच्या तीन. काही ठिकाणी ७५चा पर्याय पैसे भरल्याशिवाय मिळत नाही. मग १५ मिनिटांवर राहा, रोजच्या नेमक्या २५ कॅन्डल. सोन्या-चांदीचे चार्ट बघणाऱ्या जळगावच्या मंडळींनी मात्र हा हिशोब तसाच उचलू नये, एमसीएक्स या वायदे बाजारात सोनं-चांदी रात्री उशिरापर्यंत चालू असतं.

फिरण्याचं थोडक्यात: माऊसचं चाक फिरवलं की चार्ट लहानमोठा होतो, डाव्या-उजव्या बाणाने मागेपुढे सरकतो. फार जुन्या तारखेला जायचं तर ओढत बसू नका, ऑल्ट आणि जी दाबून तारीख टाका. उजवीकडची भावाची पट्टी ओढून कॅन्डल चपट्या झाल्या असतील तर त्या पट्टीवर डबल क्लिक करा.

आता कित्येक पट वाढलेल्या एखाद्या शेअरच्या चार्टवर २०-२५ वर्षं मागे जा. डावीकडचा भाग जमिनीला चिकटल्यासारखा दिसेल. शेअर तेव्हा झोपला होता असं नाही. साध्या पट्टीवर १० रुपयांचे २० झाले तर अंतर दहा रुपयांचं, आणि २०० चे २१० झाले तरी तेवढंच. पहिल्यात पैसे दुप्पट झाले, दुसऱ्यात पाचच टक्के वाढले. ऑल्ट आणि एल दाबा. लॉग पट्टी सुरू होते, तिच्यावर सारख्या टक्क्यांना सारखं अंतर मिळतं, आणि जुन्या चढउतारांना त्यांची खरी उंची येते. लांबचा काळ बघताना मी लॉग पट्टीशिवाय रेघच ओढत नाही.

विप्रोच्या जुन्या चार्टवर आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. आजोबांच्या कागदांत खरेदीचा जो भाव लिहिलाय, तो चार्टवर कुठेच सापडत नाही. बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) आणि विभाजन (एका शेअरचे अनेक करणं) यांनंतर चार्टवरचे मागचे सगळे भाव त्या प्रमाणात कमी करून दाखवले जातात. डिसेंबर २०२४ मध्ये विप्रोने एकास एक बोनस दिला, तेव्हा त्याआधीचे भाव चार्टवर निम्मे झाले. कागदही खरा आणि चार्टही खरा. शेअरची संख्या वाढलेली असते.

रेघांसाठी दोनच जोड्या पुरतात. कर्सर हव्या त्या भावावर नेऊन ऑल्ट आणि एच दाबलं की तिथे आडवी रेघ पडते. ऑल्ट आणि टी दाबलं की तिरकी रेघ ओढता येते. चुकलं तर कंट्रोल आणि झेड. दोन ठिकाणांमधला फरक टक्क्यांत मोजायचा असेल तर शिफ्ट दाबून क्लिक करा आणि माऊस दुसऱ्या टोकाला न्या. इंडिकेटर, म्हणजे भाव आणि व्हॉल्यूमवरून हिशोब करून काढलेल्या रेषा, लावायला तिरपी रेघ असलेली कळ दाबा, यादी समोर येते. दोनापेक्षा जास्त इंडिकेटर लावू नका. मुळात भाव दिसायला हवा.

हे जमलं की वॉचलिस्ट हातात घ्या. तीस-चाळीस नावं पुरेत. स्पेस दाबली की पुढचा शेअर, शिफ्ट आणि स्पेस दाबलं की मागचा. पहिल्या फेरीत आठवड्याचा चार्ट ठेवून स्पेस दाबत जा, एका शेअरला दहा-पंधरा सेकंद द्या आणि लक्ष वेधणारी नावं वहीत उतरवा. अशी चार-पाच निघतील. दुसऱ्या फेरीत फक्त तीच दिवसाच्या चार्टवर उघडा आणि महत्त्वाच्या भावांवर आडव्या रेघा मारा. मग ऑल्ट आणि ए दाबून त्या भावांना अलर्ट लावा आणि लॅपटॉप बंद करा. दुसऱ्या दिवशी भाव तिथे पोचला की मोबाइल वाजेल, तोवर तुम्ही दुकानात किंवा शेतात असलात तरी चालतं.