खाणीनंतर किनाऱ्यावरचं जंगल परत आणायचं असेल तर आधी माती वाचवा

झाडं कुठली लावायची हे सगळे पहिलं विचारतात, पण खरं काम खोदकाम सुरू व्हायच्या आधीचं आहे. जंगल साफ करताना वरची 10-15 सेंटीमीटर माती पालापाचोळ्यासकट वेगळी काढा, कारण बिया, बुरशी, किडे सगळं त्याच थरात असतं, त्याहून खोल खरवडलं की खालची रेती मिसळते आणि बिया खोल गाडल्या जाऊन उगवतच नाहीत. आणि प्लीज, ती माती ढीग लावून वर्षानुवर्षं ठेवू नका, आतल्या बिया मरतात. एकीकडे खोदाई चालू असतानाच दुसरीकडच्या काम संपलेल्या तुकड्यावर ती थेट पसरायची, याच्याइतकं भारी काहीच नाही. पसरण्याआधी उतार नीट करून घ्या, डंपरखाली दबून कडक झालेली जमीन रिपरने (बुलडोझरच्या मागे लावतात तो जमीन फाडणारा लोखंडी दात) फोडा.

मग वारा. उघडी रेती एका जोरदार वाऱ्यात उडून जाते, म्हणून वाऱ्याला आडवी शेडनेटची कुंपणं लावायची आणि पटकन उगवणारं काहीतरी पेरायचं. साऊथ आफ्रिकेत रिचर्ड्स बेला 1977 पासून किनाऱ्यावरच्या रेतीतून खनिजं काढतायत, तिथे ताग, बाजरी, ज्वारी पेरतात. ती पिकं वर्षाच्या आत वाळून जातात पण तोवर त्यांच्या आडोशाला मातीतल्याच बियांमधून तिथली बाभूळ वर आलेली असते, पुढे काही वर्षांनी बाभळी विरळ होतात आणि त्या मोकळ्या जागेत जंगलातली बाकीची झाडं येतात, ज्यांच्या बिया पक्षी आणि माकडं आणून टाकतात. म्हणून जवळ जुन्या जंगलाचा एक तरी तुकडा न खोदता राखाच, नाहीतर बिया येणार कुठून?

माती आधीच गेली असेल तर नर्सरी लागते. बी जवळच्याच जंगलातलं घ्या, गरवाल्या फळांच्या बऱ्याच बिया वाळल्या की मरतात, त्या ताज्याच पेरा. समुद्राकडच्या बाजूला खारा वारा सोसणारी झुडपं, त्यांच्या मागे ऊन लागणारी झाडं, सावलीवाली काही वर्षांनी.

सुरूच्या झाडाचा मोह होतो, पटकन वाढतं ना. केनियात मोंबासाजवळ बांबुरीच्या सिमेंट कंपनीच्या खाणीत तिथले शेतीतज्ज्ञ रेने हॅलर यांनी 1971 पासून उघड्या प्रवाळ खडकावर सुरू लावले, तर त्याच्या सुया कुजेनात, शेवटी पैसा किडे आणून सोडले तेव्हा कुठे माती तयार झाली. तिथे मातीच नव्हती म्हणून ते पटतं, पण तुमच्याकडे जंगलाची माती असेल तर सुरू नकोच. घाणेरीसारखं तण मात्र लहान असतानाच मुळासकट उपटा, एकदा जाळी झाली की खाली काही उगवत नाही.