आजारी शॅमेलिऑनची शुश्रूषा आणि त्याचा पिंजरा, ठाण्याच्या हवेत

शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, आपले दुखणे लपवतो. झाडावर राहणाऱ्या प्राण्याने अशक्तपणा दाखवणे म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रणच असते, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत तो नेहमीसारखा फांदीवर बसून राहतो. आणि भर दिवसा डोळे मिटून बसलेला दिसतो, तेव्हा त्याचे दुखणे बहुधा कित्येक दिवसांचे जुने झालेले असते. त्या दिवशी करायचे पहिले काम म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेणे. दुसरे, तितकेच निकडीचे काम म्हणजे पिंजरा तपासणे, कारण पाळीव शॅमेलिऑनच्या बहुतेक आजारांचे मूळ पाणी, ऊब, प्रकाश किंवा हवा यांपैकी एखाद्या गोष्टीत असते आणि ती गोष्ट दुरुस्त झाल्याशिवाय दिलेले औषध पुरेसे लागू पडत नाही.

त्याआधी प्राणी कोणता, हे नक्की करावे. आपल्या झाडाझुडपांत आढळणारा, झुलत झुलत पाऊल टाकणारा देशी शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे. तो पाळता येत नाही, आणि आजारी आहे म्हणून दयेपोटीही घरात ठेवून घेता येत नाही. येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या टेकडीलगत असा जखमी प्राणी सापडला, तर त्याला छिद्रे पाडलेल्या खोक्यात, आत एक फांदी ठेवून, सावलीत ठेवावे, काहीही भरवू नये आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे. पुढील माहिती परदेशी जातींविषयी आहे, त्यातही मुख्यतः येमेन आणि सौदी अरेबियातून आलेल्या, डोक्यावर उंच तुरा असणाऱ्या व्हेल्ड शॅमेलिऑनविषयी. अशा प्राण्याची २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. नोंदणी राहून गेली असेल तर ती करावी, पण त्या भीतीने उपचार मात्र लांबवू नयेत.

आमच्या घरचा नर व्हेल्ड शॅमेलिऑन, ज्याला प्रत्येक पाऊल तोलूनमापून टाकण्याच्या सवयीमुळे सगळे आबा म्हणतात, तिसऱ्या वर्षी जुलै महिन्यात आजारी पडला. परदेशी मार्गदर्शनात दिवसातून तीन-चार वेळा फवारणी करावी असे असते आणि मी ते निष्ठेने करत होतो. ते मार्गदर्शन हिवाळाभर हीटर चालणाऱ्या कोरड्या घरांसाठी आहे, हे माझ्या लक्षात आले नव्हते. आमचे घर घोडबंदर रस्त्यालगत आहे. पावसाची झड आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद होत्या आणि आर्द्रतामापकाचा आकडा दुपारीही ८५ टक्क्यांच्या खाली येत नव्हता. एके पहाटे आबा मान उंच ताणून, तोंड किंचित उघडे ठेवून बसलेला दिसला. जवळ गेल्यावर प्रत्येक श्वासाबरोबर टिक् असा बारीक आवाज ऐकू आला आणि ओठाच्या कोपऱ्यात मोहरीएवढा बुडबुडा फुगून विरताना दिसला. श्वसनमार्गाला संसर्ग झाला होता. औषधाने तो बरा झाला, पण खोलीची हवा बदलली नसती तर पुन्हा आजारी पडला असता, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितले.

म्हणून ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्याने सर्वांत आधी हवेकडे पाहावे. व्हेल्ड शॅमेलिऑनला दिवसा साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. रात्री ती बरीच वाढली तरी चालते, मात्र हवा खेळती असली पाहिजे आणि सकाळनंतर पाने वाळली पाहिजेत. जून ते सप्टेंबर या काळात फवारणी पहाटे एकदाच, थोडा वेळ करावी. लहान पंखा पिंजऱ्यापासून चार-पाच फुटांवर, तोंड भिंतीकडे करून लावावा, म्हणजे झोत थेट अंगावर न येता खोलीतली हवा हलत राहते. तेवढ्याने भागत नसेल तर वातानुकूलन यंत्र कोरड्या मोडवर दुपारी दोन तास चालवावे, पण त्या वेळी खोलीचे तापमान २५ अंशांच्या खाली उतरू देऊ नये. डिसेंबर-जानेवारीत मात्र परिस्थिती उलटी होते आणि फवारणीची वेळ व संख्या दोन्ही वाढवावी लागतात. फवारणीनंतर दोन तासांनीही पाने ओली राहत असतील, तर पाणी जास्त होत आहे असे समजावे.

आजारपणातला पिंजरा नेहमीच्या पिंजऱ्यापेक्षा वेगळा असावा. निरोगी प्रौढाला ६० सेंटिमीटर रुंद, तितकाच खोल आणि १२० सेंटिमीटर उंच जाळीचा पिंजरा लागतो. आजाऱ्याच्या पायांची पकड सैल झालेली असते आणि त्या उंचीवरून पडल्यास हाड मोडू शकते, म्हणून दोन-अडीच फूट उंचीचा, चारही बाजूंनी हवा येणारा जाळीचा पिंजरा पुरेसा होतो. जाळीवर प्लास्टिकचे आवरण असावे, कारण उघड्या तारेत नखे अडकून उपटली जातात. फांद्या बोटाएवढ्या जाडीच्या, बहुतेक आडव्या आणि एकमेकींच्या जवळ बांधाव्यात, म्हणजे त्याला लांब झेप न घेता ऊब, सावली आणि पाणी या तिन्ही जागांपर्यंत पोहोचता येते. तळाशी माती, भुसा किंवा खडे ठेवू नयेत; साधा टिश्यू पेपर अंथरून तो रोज बदलावा, कारण त्यावर विष्ठा नीट पाहता येते. विष्ठेबरोबर येणारा युरेटचा, म्हणजे घट्ट झालेल्या मूत्राचा, भाग पांढरा असावा. तो पिवळा किंवा नारिंगी दिसला, तर अंगात पाणी कमी पडले आहे असे समजावे. आडोशासाठी जास्वंदीची कुंडी उत्तम, कारण व्हेल्ड शॅमेलिऑन पाने कुरतडतो आणि जास्वंदीने त्याला अपाय होत नाही. मात्र रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर कीटकनाशक मारलेले असते, म्हणून पाने चोळून धुवावीत आणि ते झाड काही आठवडे नुसते वाढवून मगच आत ठेवावे.

हा पिंजरा जमिनीवर ठेवू नये. वरून पाहणारे आपण त्याला शिकारी वाटतो, म्हणून तो बसतो ती फांदी आपल्या डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित वर असावी. तीन बाजू हवा आत जाईल अशा पातळ कापडाने झाकाव्यात. आरसा, चकाकणारी काच, दुसरा शॅमेलिऑन, मांजर आणि खिडकीवर बसणारे कावळे यांपैकी काहीही त्याच्या नजरेस पडू नये. देवघराची उदबत्ती, मच्छर अगरबत्ती आणि फोडणीचा धूर पोहोचतील अशा ठिकाणी श्वसनाच्या रुग्णाला ठेवणे धोक्याचे आहे. लहान घरात जागा सापडत नाही हे मी जाणतो. आम्ही ते दोन महिने उदबत्ती गॅलरीत लावत होतो.

ऊब मिळण्याच्या जागी तापमान २९ ते ३२ अंश सेल्सिअस आणि पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला २४-२५ अंश असावे, कारण हा प्राणी जागा बदलूनच शरीराचे तापमान सांभाळतो. आजारपणात रात्रीचे तापमान २२ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. अंदाजावर विसंबू नये. टोकाला तार असलेला डिजिटल तापमापक नेमका त्याच्या पाठीच्या उंचीवर बांधावा. मे महिन्यात ठाण्यातली खोलीच ३३ अंशांवर जाते, तेव्हा उबेचा दिवा बंद ठेवावा लागतो आणि खोली थंड करण्याचीच काळजी घ्यावी लागते.

यूव्हीबी प्रकाशाबाबत, म्हणजे उन्हात असणाऱ्या एका प्रकारच्या अतिनील किरणांबाबत, अजिबात तडजोड करू नये. या किरणांशिवाय त्याच्या शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, त्याविना आहारातले कॅल्शियम शोषले जात नाही आणि शरीर ते हाडांतून काढून घेऊ लागते. मग पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा मऊ पडतो आणि जीभ भक्ष्यापर्यंत पोहोचत नाही. लांब नळीचा टी-५ प्रकारचा यूव्हीबी दिवा रोज बारा तास, बसायच्या फांदीपासून साधारण २० ते २५ सेंटिमीटर वर ठेवावा आणि वर्षाने बदलावा, कारण उजेड दिसत असला तरी त्यातले उपयोगी किरण कमी झालेले असतात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातून हे किरण मिळत नाहीत. पावसाने उघडीप दिली की सकाळचे कोवळे ऊन वीस-तीस मिनिटे दाखवणे फार गुणकारी ठरते, पण ते जाळीच्या पिंजऱ्यातच, अर्धी सावली ठेवून आणि स्वतः शेजारी बसून दाखवावे. काचेची पेटी उन्हात ठेवल्यास काही मिनिटांत जिवावर बेतते.

पाण्याच्या बाबतीत नवख्या माणसाची हमखास चूक होते. शॅमेलिऑन वाटीतले स्थिर पाणी बहुधा ओळखतच नाही. पानावरून ओघळणारा, चमकणारा थेंब दिसला की तो पितो. औषधांच्या दुकानात मिळणारा सलाइनचा ड्रिप सेट यासाठी सर्वांत सोयीचा आहे. एका लिटरची स्वच्छ बाटली पिंजऱ्याच्या वर टांगावी, नळीचे चाक फिरवून सेकंदाला साधारण एक थेंब जास्वंदीच्या पानावर पडेल असे करावे, खाली भांडे ठेवावे आणि खोलीतून निघून जावे. आजारी प्राणी माणसासमोर पीत नाही. आबाने पहिल्या दिवशी चाळीस मिनिटे पानाकडे फक्त एक डोळा वळवला होता. मग मान लांब करून त्याने थेंब जिभेने टिपला आणि प्रत्येक थेंबानंतर मान वर उचलून गिळत तो बराच वेळ पीत राहिला. दाराच्या फटीतून ते पाहताना मला हायसे वाटले. डोळे खोल गेलेल्या प्राण्याच्या तोंडात पिचकारीने पाणी सोडू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेलगत असल्यामुळे ते पाणी फुप्फुसात जाऊ शकते. पीतच नसेल तर त्वचेखालून पाणी देण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे.

अन्नाचा आग्रह पाण्यानंतर धरावा. कोरड्या पडलेल्या शरीराला प्रथिने पचवणे जड जाते, म्हणून दोन-तीन दिवस खाल्ले नाही तर घाबरून बळजबरीने भरवू नये. खायला लागल्यावर रेशमाच्या अळ्यांसारखे मऊ भक्ष्य चिमट्याने समोर धरावे, नंतर लहान रातकिडे द्यावेत. किड्यांना आदल्या दिवशी शेवग्याचा पाला, लाल भोपळा आणि गाजर चारावे. पालक टाळावा, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. देण्याआधी किड्यांवर ड-३ नसलेली कॅल्शियमची पूड भुरभुरावी आणि ड-३ असलेली पूड डॉक्टर सांगतील तेवढीच द्यावी. न खाल्लेले रातकिडे रात्री आत राहू देऊ नयेत, ते अशक्त प्राण्याला चावतात. बाहेरून पकडलेले किडे देऊ नयेत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी दिसणारे काजवे तर कधीही नाही. काजव्यांच्या अंगात विष असते आणि सरड्यांना ते प्राणघातक ठरू शकते.

मादी असेल आणि ती अस्वस्थपणे तळाशी उकरत असेल, तर तो आजार नसून अंडी घालण्याची वेळ असू शकते. नराशिवायही ती अंडी घालते. तिला फूटभर खोल, ओलसर वाळू-मातीचे भांडे द्यावे आणि एकांत द्यावा. अंडी न घालता ती निपचित पडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

असे डॉक्टर प्रत्येक दवाखान्यात नसतात, म्हणून प्राणी निरोगी असतानाच त्यांचा पत्ता शोधून ठेवावा. जाताना ताजी विष्ठा लहान डबीत न्यावी, पिंजऱ्याची आणि दिव्याच्या खोक्याची छायाचित्रे न्यावीत आणि रोजच्या वजनाची वहीही न्यावी. ग्रॅम दाखवणारा काटा यासाठी वेगळा ठेवावा. वजन दहा टक्क्यांनी घटणे ही गंभीर बाब आहे. प्रवास अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात, आत आडवी फांदी बसवून, शक्यतो पहाटे करावा, म्हणजे प्राणी वाहतुकीत तासभर अडकत नाही. माणसांच्या प्रतिजैविकांचे तुकडे किंवा कुत्र्यामांजरांचे जंतनाशक घरच्या घरी देऊ नये. तोंडाने औषध द्यायचे असेल तर हनुवटीखालची सैल कातडी हलकेच खाली ओढावी, तोंड उघडले की औषध गालाच्या बाजूने थेंबाथेंबाने सोडावे आणि प्रत्येक थेंब गिळेपर्यंत थांबावे. तो ताजातवाना दिसू लागला तरी औषधाचा पूर्ण क्रम संपवावा. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नयेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला जंतू पसरतात.

उंच पिंजऱ्यात परत नेण्याची घाई करू नये. दिवसभर डोळे उघडे राहणे, चारही पायांची पकड घट्ट होणे, वजन सलग दोन आठवडे न घटणे आणि समोरचा किडा लांबून अचूक टिपणे या चारही गोष्टी दिसल्यावर आधी फांद्या थोड्या उंच बांधाव्यात, आठवडाभर पाहावे आणि मगच मोठा पिंजरा उघडावा. आबाला त्यासाठी सात आठवडे लागले. मोठ्या पिंजऱ्यात सोडल्यावर तो थेट वरच्या जुन्या फांदीवर गेला आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसला. त्या रात्री मी खाली जाड चादर अंथरून ठेवली होती आणि पुढचे चार दिवस ती काढली नाही.