चालीचा आलेख: मोबाइलच्या चित्रीकरणापासून न्यूरल नेटवर्कपर्यंत

माणसाच्या चालण्याच्या ढबीचा, म्हणजे चालीचा अभ्यास महागड्या प्रयोगशाळेतच होतो असे नाही. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतील एखाद्या शाळेचे सपाट पटांगण, तिपाईवरचा मोबाइल आणि साधा संगणक यांवर सुरुवात करता येते. मोबाइल चालण्याच्या वाटेला काटकोनात, कमरेच्या उंचीवर ठेवावा व सेकंदाला ६० फ्रेम घ्याव्यात. संमतिपत्र मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत असावे.

खरी अडचण कपड्यांची येते. साडी किंवा धोतर नेसलेल्या व्यक्तीचा गुडघा कॅमेऱ्याला दिसत नाही. तरीही चित्रात सांध्यांच्या जागी बिंदू ठेवणारे न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणक प्रणाली) अंदाजाने तेथे बिंदू ठेवते आणि तो अंदाज आलेखावर खऱ्या मोजमापाइतकाच सफाईदार दिसतो. वडीलधाऱ्या बायकांना पोशाख बदलायला सांगण्यापेक्षा त्यांच्या बाबतीत गुडघ्याचा कोन सोडून द्यावा आणि केवळ पावले टेकण्याच्या वेळा मोजाव्यात, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

मीडियापाइप हे असे बिंदू शोधणारे गूगलचे सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये शरीराचे ३३ बिंदू देते. खुबा, गुडघा आणि घोटा यांवरून गुडघ्याचा कोन काढावा. पाय एकमेकांसमोरून जाताना डावा-उजवा यांची अदलाबदल होते, म्हणून त्या फ्रेम डोळ्यांनी तपासाव्यात. त्यानंतर ६ हर्ट्झच्या लो-पास फिल्टरने (त्याहून जलद चढउतार गाळणाऱ्या गणिती चाळणीने) थरथर कमी करावी, सुरुवातीची व शेवटची पावले वगळावीत आणि एकाच पायाची टाच टेकल्यापासून ती पुन्हा टेकेपर्यंतचे आवर्तन ० ते १०० टक्क्यांवर बसवावे. साधारण ६० टक्के काळ पाय जमिनीवर असतो. तो हवेत असताना गुडघा सुमारे ६० अंश वाकतो. सर्व आवर्तने फिक्या रेषांनी आणि सरासरी गडद रेषेने काढल्यास दोन्ही पायांतील फरक लगेच दिसतो.

आता या आवर्तनांवरून चालीतील दोष ओळखणारे दुसरे नेटवर्क. क्रमवार माहितीसाठी १९९७ मध्ये मांडलेले एलएसटीएम, म्हणजे आधीची माहिती लक्षात ठेवणारे नेटवर्क, चालते. लेबल, म्हणजे कोणती चाल सदोष याच्या नोंदी, नसतील तर ऑटोएन्कोडरने (माहिती थोडक्यात मांडायला शिकणाऱ्या नेटवर्कने) प्रत्येक आवर्तन दोन आकड्यांत आणून बिंदूंचा नकाशा काढावा. मात्र प्रशिक्षण आणि चाचणी यांची विभागणी पावलांनुसार नव्हे, तर माणसांनुसारच करावी. अन्यथा नेटवर्क चालीतील दोष न शिकता माणूस ओळखायला शिकते आणि अचूकतेचा आकडा फसवा निघतो.

नकाशात एखादा बिंदू दूर पडला, तर निष्कर्ष काढण्यापूर्वी त्या आवर्तनाचे मूळ चित्रीकरण पाहावे. चित्रीकरणातही पाय खरोखर लंगडत असेल, तर निदान फिजिओथेरपिस्टवर सोपवावे.