सोसायटीत योगसूत्रं : पहिले दोन महिने

२१ जूनला, योग दिनी, सोसायटीचा हॉल भरतो, गणपतीपर्यंत सतरंजीवर चौघंच उरतात. वर्गात नुसतीच आसनं असली की असं होतं. गुडघा दुखला किंवा पाऊस लागला की यायला दुसरं काही कारण उरत नाही. पातंजल योगसूत्रं १९५ (काही पाठांत १९६), त्यांपैकी थेट आसनांबद्दल बोलणारी फक्त तीन. उरलेल्यांतली बरीचशी लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर लागू पडतात. वर्ग टिकवायचा तर तीही हाताशी घ्यायला हवीत.

आठ ते बारा जण पुरेत. माणशी साधारण तीस चौरस फूट जागा धरा, म्हणजे हात पसरले तरी शेजाऱ्याला लागत नाहीत. कमिटीला लेखी अर्ज द्या आणि त्यात वार, वेळ व किल्ली कोणाकडे राहणार हे लिहा; निम्मी भांडणं किल्लीवरून होतात. आसनं रोज करा, वाचन मात्र आठवड्यातून एकदाच, शनिवारी. एका तासात तीस मिनिटं आसनं, दहा मिनिटं शवासन आणि श्वासाकडे लक्ष, वीस मिनिटं सूत्र. सकाळी उपाशीपोटी. आसनं शिकवणारी व्यक्ती शिकलेलीच हवी. लोणावळ्याचं कैवल्यधाम (१९२४) आणि सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट (१९१८) इथं रीतसर प्रशिक्षण मिळतं. रक्तदाब किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांना व्हिडिओ लावून वाकायला सांगू नका.

आता सूत्रं. पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’ला (चित्ताच्या वृत्ती आवरणं म्हणजे योग) हात घातला की चित्त म्हणजे मन की बुद्धी यावर तीन शनिवार जातात आणि बोलणारे दोघेच उरतात. त्याऐवजी पहिल्या पादातलं (म्हणजे प्रकरणातलं) तेहेतिसावं घ्या. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताबद्दल मुदिता (म्हणजे आनंद), अपुण्याकडे उपेक्षा. याने चित्त प्रसन्न राहतं. यातली मुदिता सर्वांत जड जाते. टाकीची गळती पदरमोड करून थांबवणाऱ्या सेक्रेटरीचं कौतुक करताना आपल्या तोंडून ‘पण’ निघतोच. पहिल्या पंधरवड्याचा अभ्यास एवढाच: तो ‘पण’ गाळायचा.

उपेक्षेचा अर्थ हमखास चुकतो. कोणी तुमच्या जागेत गाडी लावली तर गप्प बसा, असं सूत्र म्हणत नाही. तक्रार लेखी जातेच. रात्री त्या माणसाला मनात घोळवत बसणं तेवढं थांबवायचं.

पुढचे चार आठवडे दुसऱ्या पादातल्या यमांना, म्हणजे वागण्यातल्या संयमांना द्या: अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (गरजेपेक्षा जास्त न साठवणं). पाचही एकदम नकोत. अहिंसेसोबत चौतिसावं सूत्र वाचा. हिंसा केलेली, करवलेली आणि अनुमोदलेली, असे तीन प्रकार तिथं आहेत. वहीत कृत, कारित, अनुमोदित असे तीन रकाने आखा आणि रात्री पाच मिनिटं भरा. वॉचमनवर आपण ओरडलो, तो पहिला रकाना. मुलाला त्याच्याशी भांडायला धाडलं, तो दुसरा. ग्रुपवर कोणाची टिंगल चालली असता आपण अंगठा दाखवला, तो तिसरा. तिसराच सर्वांत लवकर भरतो. वही स्वतःचीच भरायची आणि कोणाला दाखवायची नाही. इथं घसरलं की वर्गाची पंचायत होते: ‘तुमच्यात सत्य नाही’, ‘तुमच्यात अपरिग्रह नाही’. असं सुरू झालं तर त्या दिवसाचं वाचन तिथंच थांबवा.

अस्तेयाला सोपं उदाहरण हवं असेल तर उशिरा येणं घ्या. दहा जणांना सहा मिनिटं ताटकळत ठेवलं तर तासभर चोरला. (हे शिक्षकालाही लागू.) अपरिग्रहासाठी जिन्यातल्या मोडक्या सायकली आणि वर्षानुवर्षं न उघडलेले खोके आहेतच, मात्र प्रत्येकाने आपल्याच दारापासून सुरुवात करायची.

शेवटचे दोन आठवडे दुसऱ्या पादातल्याच तेहेतिसाव्या सूत्रातल्या प्रतिपक्षभावनेसाठी, म्हणजे वाईट विचार आला की उलट बाजूचा विचार करण्यासाठी. रागाचा मेसेज लिहा, पाठवू नका. समोरच्याच्या बाजूने दोन ओळी वहीत उतरवा, दहा मिनिटांनी मेसेज पुन्हा वाचा. बहुतेक वेळा मजकूर अर्ध्यावर येतो. कधी तसाच पाठवावा लागतो, तेही ठीक.

सुट्ट्यांचं आधीच ठरवून ठेवा. अभ्यास दृढ व्हायला पतंजली तीन अटी घालतात: दीर्घकाल, खंड नको, आदर हवा. दुसरी अट मोडते ती हॉलमुळे. हॉल बारशाला दिलेला असेल तर वर्ग रद्द करू नका. त्याच वाराला, त्याच वेळी गच्चीवर जमा, आसनं सोडा, पंधरा मिनिटं सूत्र वाचा आणि खाली या.