पेनासाठी म्हशीचे शिंग तयार करताना

लेथवर (कातकामाच्या यंत्रावर) पेन घडवणारे परदेशी हौशी कारागीर हरणाचे गळून पडलेले शिंग आवडीने वापरतात. आपल्याकडे मात्र तो विचार मनातही आणू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार सांबर व चितळाची शिंगे, मग ती सागरेश्वरच्या किंवा चांदोलीच्या रानात आपोआप गळून पडलेली का असेनात, सरकारची मालमत्ता ठरतात. मिरजेच्या तंतुवाद्यांशी परिचय असणाऱ्यांना हा बदल ठाऊक असेल, कारण सतारीच्या घोडीसाठी पूर्वी हरणाचे शिंग वापरले जाई आणि आता उंटाच्या हाडासारखे पर्याय स्वीकारावे लागतात.

सांगली-साताऱ्याकडच्या हौशी माणसाने पंढरपुरी म्हशीचे शिंग घ्यावे. ते तलवारीसारखे लांब असल्याने त्यात बऱ्यापैकी सरळ तुकडा सापडतो. मुऱ्हा म्हशीच्या आखूड, घट्ट वळलेल्या शिंगात तो मिळणे कठीण. हरणाचे शिंग हाडाचे असते, म्हशीचे नखासारख्या केराटिनचे. त्यामुळे हरणाच्या शिंगाच्या सच्छिद्र गाभ्यात सुपर ग्लू मुरवण्याचा परदेशी कारागिरांचा सल्ला इथे लागू पडत नाही.

मेलेल्या जनावराच्या शिंगात बुडाकडे हाडाचा गाभा असतो. शिंग पाण्यात भिजत ठेवले की काही आठवड्यांत तो सुटतो. दुर्गंधी फार येते, म्हणून हे काम घरापासून दूर करावे. गाभा निघाल्यावर पोकळीत तार टेकेपर्यंत सारावी, ती जिथवर गेली ती खूण शिंगाच्या बाहेरच्या बाजूला करावी आणि तिच्यापुढचा शेंड्याकडचा भरीव भाग हॅक्सॉने कापावा. पेनासाठी उपयोगाचा भाग एवढाच.

यानंतर घाई करू नये. तुकड्याच्या दोन्ही टोकांना मेण लावून तो सावलीत ठेवावा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलावा; वजन उतरायचे थांबले की तो वाळला असे समजावे. महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसाळ्यात हे काम हाती न घेणेच शहाणपणाचे, कारण शिंग हवेतला ओलावा शोषते आणि ओल्या शिंगाचे पदर नंतर सुटतात. कीड लागलेले शिंगही सरळ टाकून द्यावे.

नेहमीच्या सडपातळ बॉलपेनच्या किटमध्ये (सुट्या भागांच्या संचात) ७ मिलिमीटर व्यासाच्या दोन पितळी नळ्या असतात; शिंगाच्या तुकड्यांना भोक पाडून त्या आत बसवायच्या. नळी तुकड्याशेजारी धरून, वळणामुळे ती शिंगाबाहेर जात नाही ना हे पाहूनच मध्यरेषा आखावी आणि दोन नळ्यांसाठी कापलेला प्रत्येक तुकडा नळीपेक्षा पाच-सहा मिलिमीटर लांब ठेवावा. खरी कसोटी भोक पाडताना लागते. ड्रिलचा वेग कमी ठेवून बिट थोडे आत घालावे, लगेच बाहेर काढून कीस झाडावा आणि तुकडा हाताला गरम लागला तर थांबावे. जळक्या केसांचा वास आला म्हणजे उष्णता मर्यादेबाहेर गेली. अशा वेळी भोकाभोवती तडा जाऊ शकतो. शिंगाची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने मास्क सक्तीचा समजावा.

नळी पॉलिश पेपरने खरबरीत करून घ्यावी. शिंगात फिकट पट्टे असतील तर तिला काळा रंग द्यावा, नाहीतर पातळ कातल्यावर पितळ आतून झळकते. दोन भाग मिसळून वापरायच्या इपॉक्सी गोंदात नळी फिरवत आत सारावी, रात्रभर सुकू द्यावी आणि मगच टोके नळीच्या कडेपर्यंत काटकोनात घासावीत. टोक तिरके राहिले तर पेन जोडताना फट दिसते आणि ती कितीही पॉलिश केले तरी झाकत नाही.